वाटा कोणाचा? केलांतानच्या पेरुपोक गावाचा प्रकरण अभ्यास

मलेशियाच्या द्वीपकल्पाच्या ईशान्य कोपऱ्यात, थायलंडच्या सरहद्दीला लागून केलांतान राज्य आहे. राजधानी कोटा भारू. तिथून किनाऱ्याने आग्नेयेला निघाले की बाचोक लागते आणि बाचोकच्या शेजारी पेरुपोक. इथला किनारा म्हणजे सरळसोट वाळू. ना खाडी, ना कातळ, ना आडोसा. समोर उघडा दक्षिण चीन समुद्र. मागे नारळाची झाडे, त्यांच्यामागे रेताड माळ, मग भातखाचरे.

अभ्यासाला हेच गाव घेण्याचे कारण म्हणजे इथला हिशेब लिहिलेला आहे. १९३९-४० मध्ये मानवशास्त्रज्ञ रेमंड आणि रोझमेरी फर्थ हे दांपत्य इथे येऊन राहिले. रेमंडनी समुद्राचे अर्थकारण टिपले: किती होड्या गेल्या, किती मासळी आली, काय भाव मिळाला, पैसे कसे वाटले गेले. रोझमेरींनी चुलीचा हिशेब टिपला: तांदूळ किती, मीठ किती, पैसे कोणाच्या हातात. रेमंड १९४७ मध्ये धावती फेरी मारून गेले आणि १९६३ मध्ये दोघेही पुन्हा आले. एकाच मलय मच्छीमार गावाचे जवळजवळ पाव शतकाच्या अंतराने झालेले असे मोजमाप फार थोड्या ठिकाणी मिळते.

१९३९ मध्ये गावाची मोठी कमाई ज्या जाळ्यावर होती, ते जाळे १९६३ पर्यंत जवळजवळ दिसेनासे झाले होते. कोणालाही विचारले तर 'इंजिन आले म्हणून' हे उत्तर मिळते. ते खोटे नाही, पण त्यातून गावात नेमके काय बदलले ते कळत नाही. जाळे गेले तसा त्याभोवतीचा वाटणीचा हिशेबही गेला, आणि या प्रकरणाचा खरा गाभा तिथे आहे.

पाच होड्या आणि एक कान

त्या जाळ्याचे नाव पुकात ताकुर. पुकात म्हणजे जाळे. हे ओढायचे नव्हे, उचलायचे जाळे. मोठी चादर पाण्यात पसरून ठेवायची, मासळी तिच्यावर आली की चारी कोपरे एकदम वर घ्यायचे. त्यासाठी साधारण पाच होड्या आणि वीस-पंचवीस माणसे लागत. चार होड्या कोपऱ्यांवर. पाचवी लहान होडी जुरु सेलामची.

'जुरु सेलाम' म्हणजे बुडी मारणारा जाणकार. आपल्याकडच्या तांडेलासारखा तो सगळ्या ताफ्याचा म्होरक्या, पण त्याचे मुख्य काम डोळ्यांचे नव्हे, कानांचे. ठरलेल्या जागी पोचल्यावर तो होडीच्या काठाला एका हाताने धरून पाण्यात उतरायचा, डोके पाण्याखाली घ्यायचा आणि ऐकायचा. मासळी आहे का, कोणती आहे, थवा लहान की मोठा, कोणत्या बाजूला सरकतोय, हे सगळे आवाजावरून.

ऐकणाऱ्याला यात जादू वाटते, पण मासे खरोखरच आवाज करतात. आपल्या घोळ-ढोम्याच्या कुळातले मासे पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू आपटून ढोल वाजवल्यासारखा आवाज काढतात. सेलार, सेलायांग यांसारखी थव्याने फिरणारी मासळी घशातले दात एकमेकांवर घासते. अडचण दिशेची आहे. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर, म्हणजे हवेच्या चौपटीहून जास्त वेगाने जातो. त्यामुळे दोन्ही कानांवर तो जवळजवळ एकाच वेळी आदळतो आणि माणसाला बाजू कळत नाही. म्हणून एका बुडीत काम भागत नसे. होडी थोडी पुढे न्यायची, पुन्हा ऐकायचे, आवाज वाढला की कमी झाला ते बघायचे, मान वळवून पुन्हा. हे शिकायला वर्षे जात. जुन्या जाणकाराबरोबर उतरत उतरतच ते येई.

मासळी एका जागी टिकावी म्हणून उंजांग लावत. आज मलेशियात त्याला उंजाम म्हणतात. तळाला वजन, तिथून वर येणारा दोर, दोराला अंतराअंतरावर बांधलेल्या नारळाच्या झावळ्या, वर तरंगता खुणेचा भाग. झावळ्यांच्या सावलीला आणि त्यांच्यावर धरणाऱ्या शेवाळाला लहान मासळी जमते, तिच्यामागे मोठी. झावळ्या कुजतात, त्यामुळे त्या बदलत राहाव्या लागतात. प्रत्येक जुरु सेलामचे उंजांग वेगळे, आणि जागा शक्यतो गुपित. दुसऱ्याच्या उंजांगवर हात मारणे हे भांडणाचे ठरलेले कारण.

पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वारा वाहतो, त्यावर शिडे लावून ताफा निघे. दुपारी समुद्रावरून वारा फिरला की त्याच वाऱ्यावर परत. वल्ही होतीच, पण भरलेल्या होड्या रोज वल्हवत आणणे कोणाच्याही अंगाला परवडणारे नाही. उंजांगवर मासळी आहे अशी खात्री झाली की जुरु सेलाम प्रवाहाची दिशा पाही. जाळे उंजांगपासून प्रवाहाच्या खालच्या अंगाला पडायला हवे, म्हणजे मासळी वाहत्या पाण्याबरोबर अलगद त्याच्यावर सरकते. चार होड्या कोपरे धरून पांगत, प्रवाहाकडची कड खोल सोडत. मग इशारा, आणि सगळ्यांनी एकदम ओढायचे.

बिघडायचे ते इथेच. एक कोपरा क्षणभर आधी उचलला गेला तर थवा उरलेल्या खालच्या कडेवरून निसटतो. प्रवाह मध्येच फिरला तर जाळे दुमडते. कधी कान मोठा थवा सांगतो आणि वर येतात मूठभर मासे, कारण मधल्या वेळात मोठ्या मासळीने थवा फोडलेला असतो. एका फसलेल्या फेरीत पंचवीस माणसांचा निम्मा दिवस जातो, म्हणून जुरु सेलामच्या नावावर किती फेऱ्या फुकट गेल्या याची नोंद गावाच्या तोंडी असे.

जाळ्याचे सूत नैसर्गिक धाग्याचे. ओले राहिले की कुजते. त्यामुळे ते वाळत घालणे, झाडाच्या सालीच्या रंगात बुडवणे, फाटके जोडणे हे काम मासेमारीइतकेच नियमित. त्याला सोयीचा वार शुक्रवार. जुम्म्याच्या नमाजाचा दिवस, त्या दिवशी समुद्रावर कोणी जात नसे.

शुक्रवारचा हिशेब

शुक्रवारी सकाळी आठवड्याचे पैसे वाटले जात. वाट्याला मलय भाषेत 'बाहागिआन' म्हणतात. मुळात हा संस्कृत 'भाग'. समुद्रापार गेला तरी काम तेच करतो.

मासळी किनाऱ्यावर आणून विकणारा माणूस वेगळा: पेराइह लाउत, म्हणजे समुद्रावरचा व्यापारी. तो आपल्या होडीने ताफ्यापर्यंत जाई, मासळी घेऊन आधी किनाऱ्याला पोचे आणि वाळूवर थांबलेल्या खरेदीदारांशी घासाघीस करून देई. मासळी ताजी विकली गेली तर ठीक, नाहीतर खारवून, वाळवून किंवा मीठपाण्यात उकडून. पैसे बहुतेक वेळा लगेच मिळत नसत. खरेदीदार उधारीवर माल उचले, पुढच्या बाजारात विकून आला की चुकते करी. त्याला तोटा झाला तर ठरलेल्या भावात थोडी सूट मागण्याची रीतही होती. बाहेरच्याला ही लबाडी वाटेल. पण बर्फ नसलेल्या काळात भाव पडण्याची सगळी जोखीम एकट्या खरेदीदारावर टाकली असती तर वाळूवर मासळी उचलायला कोणी आलाच नसता.

वाटप करताना पेराइह लाउतचा भाग, जाळ्याचा भाग, होड्यांचा भाग, जुरु सेलामचा जादा भाग काढून उरलेले खलाशांत समान वाटत. महत्त्वाचे असे की जाळे बऱ्याचदा एकाच्या मालकीचे नसे. त्याचे तुकडे अनेकांचे असत. खलाशाने चार पैसे बाजूला टाकले तर आधी लहान होडी, मग जाळ्यातला एखादा तुकडा, मग अख्खे जाळे अशी शिडी चढता येई. आणि खलाशी बांधील नसे. एका जुरु सेलामकडे पुरेशी मासळी येत नाही असे दिसले की माणसे दुसऱ्याकडे जात. म्हणून हंगाम संपताना जुरु सेलाम आपल्या माणसांना उसने पैसे देऊन ठेवी, पुढच्या हंगामात ती टिकावीत म्हणून. म्हणजे कर्ज होते, पण बऱ्याच वेळा ते माणूस धरून ठेवण्यासाठी वरून खाली वाहत होते.

१९३९ चे पेरुपोक सुखी होते असा याचा अर्थ नव्हे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ईशान्य मोसमी वाऱ्यांत समुद्र बंद. आपल्याकडे नारळी पौर्णिमेला समुद्र उघडतो. तिथे दिवाळीच्या सुमाराला तो मिटतो. त्या महिन्यांत भातशेती, डागडुजी, मजुरी आणि साठवलेली सुकी मासळी. घरचे पैसे बहुधा बाईच्या हातात असत, आणि हे चार महिने कसे निघतील याची मोजदाद तीच करी. केलांतानच्या बाजारांत आजही गाळ्यांवर बायकाच जास्त दिसतात, त्यामागे हा जुना सराव आहे.

बोटभर बिलिस मासळी, आपल्या मांदेलीची लांबची भावकी, जास्त पडली की तिचा बुडू होई. साधारण दोन-तीन भाग मासळीला एक भाग मीठ, मातीच्या रांजणात भरून झाकण घट्ट लावायचे आणि सहा महिने ते वर्षभर उन्हात ठेवायचे. मीठ कमी पडले तर मासळी मुरण्याऐवजी सडते. झाकणातून पावसाचे पाणी गेले तरी तेच. पुढे चिंच आणि ताडगूळ घालून उकळले की दाट तपकिरी चटणी तयार. बाचोक आणि किनाऱ्यावरच्याच तुम्पातकडचा हा धंदा मात्र टिकला, कारण त्याला समुद्रावरच्या कौशल्यापेक्षा रांजण, मीठ आणि धीर लागतो.

युद्ध, आणि मग इंजिन

८ डिसेंबर १९४१ च्या मध्यरात्रीनंतर जपानी फौजा केलांतानच्याच किनाऱ्यावर, कोटा भारूजवळ उतरल्या. १९४३ मध्ये जपानने हे राज्य थायलंडच्या ताब्यात दिले, १९४५ मध्ये ते पुन्हा ब्रिटिशांकडे आले. पूर्व किनाऱ्याच्या रेल्वेचे रूळ युद्धात उखडून ब्रह्मदेशच्या मार्गासाठी नेले गेले. युद्धानंतर तांदूळ भडकलेला, कापडाची टंचाई. तरीही वाळूवर मुळात तीच शिडाची होडी आणि तोच शुक्रवार होता.

उलथापालथ झाली ती १९५० च्या दशकात. इंजिन, नायलॉनचे जाळे, बर्फ आणि लॉरी या चार गोष्टी मागेपुढे आल्या, आणि प्रत्येकीने दुसरीला ओढून आणले. इंजिन आले तसे लांब जाता येऊ लागले. लांबून मासळी आणायची तर बर्फ हवा. बर्फातली मासळी गावात खपणार नाही, तिला लॉरी हवी. लॉरीचा फेरा भरायचा तर पुकात ताकुर पुरत नाही. म्हणून पुकात जेरुत, म्हणजे पर्ससीन: थव्याभोवती जाळ्याची भिंत फिरवायची आणि तळाच्या कड्यांतून गेलेला दोर खेचून खालून तोंड आवळायचे. नायलॉन कुजत नाही, त्यामुळे सालीच्या रंगाची भट्टी आणि वाळवणीचे खांब आपोआप रिकामे झाले.

इंजिनाच्या घरघरीत पाण्याखाली ऐकणे अवघड. इंजिन बंद करून ऐकता येते, पण ज्या बोटीचे दिवसाचे डिझेल मोजलेले आहे ती बोट थांबायला तयार नसते. रात्री दिवे लावून मासळी वर बोलावता येऊ लागली तेव्हा कानाची गरजच उरली नाही. पुढे ध्वनिलहरींनी थवा दाखवणारे यंत्र आले. जुरु सेलामचेच काम ते करते, फक्त विकत मिळते.

इथे हिशेब पाहू. आकडे केवळ समजण्यापुरते. जुन्या ताफ्याची आठवड्याची विक्री २०० डॉलर (तेव्हाचे मलायाचे चलन) धरा. निम्मे साधनांना आणि म्होरक्याला, निम्मे म्हणजे १०० डॉलर पंचवीस खलाशांना: प्रत्येकी ४. आता इंजिनाची बोट. विक्री ६००. त्यातून इंधन, बर्फ, दुरुस्तीचे १५० आधीच वजा. राहिले ४५०. मालकाचा भाग दोन तृतीयांश म्हणजे ३००. उरलेले १५० पंचवीस जणांत: प्रत्येकी ६. खलाशाच्या हातात दीडपट पैसे आले, म्हणून तो कुरकुरत नाही. पण एकूण विक्रीतला त्याचा वाटा ५० टक्क्यांवरून २५ वर आला. आणि ज्या आठवड्यात विक्री १५० च होते, त्या आठवड्यात त्याच्या हाती शून्य येते. इंधनाचे पैसे मात्र गेलेलेच असतात.

दुसरी गोष्ट शिडीची. जाळ्याचा तुकडा खलाशाला घेता येत होता. इंजिनाचा तुकडा घेता येत नाही. बोट, इंजिन आणि नायलॉनचे पर्ससीन यांना एकरकमी भांडवल लागते, आणि ते बहुतेक वेळा गावाबाहेरच्या व्यापाऱ्याकडून, म्हणजे तौकेकडून येते. तौके पैसे देतो ते व्याजापेक्षा मासळीच्या हक्कावर: माल मलाच द्यायचा, भाव मी सांगेन तो. जुन्या पद्धतीत उधारी खरेदीदाराच्या डोक्यावर होती, आता ती बोटवाल्याच्या डोक्यावर आली. १९६३ मध्ये, ज्या वर्षी मलेशिया संघराज्य झाले त्याच वर्षी, पेरुपोकमध्ये मोजके मालक आणि पुष्कळ खलाशी ही विभागणी उघड दिसत होती.

यात कोणाचा डाव होता असे मानायची गरज नाही. मासळी जास्त आली, घरांत वस्तू आल्या, मुले शाळेत जाऊ लागली. एवढेच की कौशल्याला पूर्वी जो भाव होता तो यंत्राकडे गेला.

वाळूवरून बोट उचलता येईना

या गावच्या भूगोलाला फार मोल आहे आणि त्याकडे कमी लक्ष जाते. शिडाची होडी हलकी असते. लाटांतून किनाऱ्याला लागली की दहा-बारा माणसे ओंडक्यांवरून ती वाळूवर ओढून नेतात. म्हणून बंदर नसूनही पेरुपोक मासेमारीचे गाव होऊ शकले. इंजिन, बर्फाची खोली आणि मोठे जाळे असलेली बोट कोणी वाळूवर ओढणार नाही. लाटांत तिचा पंखा वाळूत रुततो आणि दांडा वाकतो. तिला नदीचे मुख हवे, धक्का हवा, इंधनाचा पंप हवा. केलांतानमध्ये मोठ्या बोटींना अशी सोय मिळते ती दक्षिणेला सेमेराक नदीच्या तोंडाशी, तोक बाली इथे.

बोट तिकडे बांधली जाऊ लागली की मासळीही तिकडेच उतरते. वाळूवर थांबणारा खरेदीदार, ओल्या मासळीतून वाट्याचे चार मासे नेणारे शेजारी, खारवण करणाऱ्या बायका, ओढायला हात लावून वाटा मिळवणारी म्हातारी माणसे या सगळ्यांचा संबंध तुटतो. कोकणात रापण ओढायला येणाऱ्या प्रत्येकाला दोरीमागे काहीतरी मिळते. ती दोरी गेली की नेमके काय जाते हे मालवणकडच्या वाचकाला वेगळे सांगायला नको.

होडीच्या नाळेशी डोलकाठी-वल्ही ठेवायला बांगाऊ नावाचा कोरीव आधार असे, पक्ष्याच्या किंवा सर्पाच्या आकाराचा, भडक रंगांत रंगवलेला. शीड आणि डोलकाठीच गेल्यावर त्याला टेकवायला काही उरले नाही. आता तो शोभेची वस्तू म्हणून विकला जातो. 'पुजा पांताई', म्हणजे किनाऱ्याची पूजा, हा रेडा बळी देण्याचा जुना उत्सवही धार्मिक विरोधामुळे बंद पडला.

मागच्या रेताड माळाने थोडा हात दिला. १९५९ पासून केलांतानमध्ये भट्टीत वाळवायची व्हर्जिनिया तंबाखू आली आणि बाचोकच्या वाळूत ती जोमाने वाढली. पावसाळ्यानंतर लागवड, काही महिन्यांत रोख पैसा. पुढे आसियान देशांतली आयात खुली होऊ लागली तशी ती बसली आणि सरकारने शेतकऱ्यांना केनाफ या अंबाडीच्या जातीच्या पिकाकडे वळवले.

सरकार येते

१९७१ मध्ये मलेशियाने मत्स्यविकास मंडळ स्थापन केले आणि मच्छीमार संघांचा कायदा केला. उद्देश तौकेच्या जागी संघ आणण्याचा: संघाकडून बर्फ, इंधन, कर्ज, विक्री. जिथे संघ पहाटे चारला धक्क्यावर हजर राहिला तिथे जमले. जिथे तो कार्यालयीन वेळेत उघडत राहिला तिथे तौके जागचा हलला नाही, कारण इंजिन समुद्रात बंद पडते तेव्हा सुटा भाग रात्री उधारीवर देणारा तोच असतो.

ट्रॉलरचा, म्हणजे तळाशी जाळे ओढत नेणाऱ्या बोटींचा प्रश्न वेगळा. १९६० च्या दशकात ते मलेशियात आले आणि पारंपरिक मच्छीमारांशी हाणामाऱ्या, बोटी जाळण्यापर्यंत गोष्टी गेल्या. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पट्टे आखले: किनाऱ्यापासून ५ सागरी मैल, म्हणजे सव्वानऊ किलोमीटर, पारंपरिक जाळ्यांसाठी, ५ ते १२ मैल ४० टनांखालच्या ट्रॉलर-पर्ससीनसाठी, त्यापलीकडे मोठ्या बोटी. रेषा कागदावर स्पष्ट आहे. पण कोळंबी आणि पिल्ले किनाऱ्यालगतच असतात, त्यामुळे ट्रॉलरला फायदा नेमका रेषेच्या आत येण्यात असतो. शेजारच्या थाय आखातात सर्वेक्षण ट्रॉलरला १९६१ मध्ये तासाला सुमारे ३०० किलो मासळी मिळत होती. १९८० च्या दशकात ती ५० च्या आसपास आली. मासळी सरहद्द ओळखत नाही, आणि केलांतान त्या आखाताच्या तोंडाशीच आहे.

उपाय म्हणून १९७५ पासून मत्स्य खात्याने समुद्रात कृत्रिम खडक टाकायला सुरुवात केली, आधी जुन्या टायरांचे. टायर हलके, बांधणी तुटली की प्रवाहाबरोबर फिरतात आणि जाळ्यांत अडकतात. नंतर काँक्रीटचे जड ठोकळे आले. त्यांना अडकून ट्रॉलरचे जाळे फाटते, म्हणून काही ठिकाणी ते पहारेकऱ्याचेही काम करतात.

२००८ मध्ये इंधनाचे भाव चढले तेव्हा नोंदणीकृत मच्छीमारांना महिन्याला २०० रिंगिटचा निर्वाह भत्ता सुरू झाला, तो पुढे ३०० झाला.  जून २०२४ मध्ये द्वीपकल्पात पंपावरचा डिझेलचा भाव लिटरला ३.३५ रिंगिट झाला तेव्हाही मच्छीमारांचा अनुदानाचा भाव १.६५ च राहिला. या दोन भावांतल्या फरकामुळे काही बोटींना मासळीपेक्षा डिझेल विकणे सोपे पडते, आणि परवाना कोणाच्या नावावर आहे याला समुद्रात कोण जातो यापेक्षा जास्त किंमत येते. खोल समुद्रातल्या बोटींवर थाय आणि व्हिएतनामी खलाशी दिसतात. त्यांचे नाते बोटवाल्याशी; गावाच्या शुक्रवारशी त्यांचा संबंध नाही.

उंजाम मात्र अजून टाकतात. झावळ्या त्याच, दोर नायलॉनचा, वजनाला सिमेंटचा ठोकळा. जागा आता उपग्रहाच्या यंत्रात नोंदलेली असते. पूर्वी जुरु सेलाम एका जाळ्यावरून दुसऱ्यावर गेला की त्याच्या जागा त्याच्याबरोबर जात. यंत्रातली नोंद बोटीवर राहते, आणि बोट तोक बालीच्या धक्क्याला.